महागावची पंधरा मिनिटं

दूध आणायलाही स्कूटी काढणाऱ्या सगळ्यांसाठी, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातून

एक सोपा प्रश्न. स्वयंपाक चालू आहे आणि कोथिंबीर संपली. तुम्ही काय करता?

खरं उत्तर द्या हं. माझं मी सांगते. मी पुण्यात, वाकडच्याही पलीकडे राहते. कोथिंबीर संपली की आधी मोबाइल हातात घेते. अ‍ॅपवर जुडी मिळाली तर ठीक, नाही तर स्कूटीची किल्ली शोधते. गंमत म्हणजे भाजीवाला आमच्या बाल्कनीतून दिसतो. त्याची निळी ताडपत्री दिसते, ताडपत्रीखाली मांडलेले टोमॅटो दिसतात. पण आमच्या सोसायटीचं गेट विरुद्ध बाजूला आहे, मधे शेजारच्या सोसायटीची भिंत आहे आणि वळसा घालून जायचं तर रस्त्याला फुटपाथ नाही. म्हणजे जो माणूस डोळ्यांना दिसतो, त्याच्याकडे जायला मी पेट्रोल जाळते.

गेल्या डिसेंबरात मी चार दिवस महागावला होते, माझ्या आत्याकडे. तिथेही एका संध्याकाळी कोथिंबीर संपली. आत्या म्हणाली, "जाय वं, सांबार घेऊन ये." मी दोन सेकंद ब्लँक. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मी साफ विसरले होते. पायात चप्पल सरकवली, गल्लीच्या टोकाला गेले, जुडी घेतली, भाजीवालीने फुकट दिलेल्या चार मिरच्या घेतल्या आणि परत आले. कढईतला कांदा अजून लाल व्हायचा होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच हिशेब सुरू आहे. महिन्याला एवढा ईएमआय भरून मी नक्की काय विकत घेतलं?

आधी तिथे पोचू या

महागाव नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. हे यवतमाळ जिल्ह्यातलं. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी एका तालुक्याचं ठिकाण. इथे रेल्वे स्टेशन नाही. पुण्याहून जायचं तर नांदेडपर्यंत रेल्वे किंवा ट्रॅव्हल्स आणि पुढे एसटी. अर्धापूर मागे पडतं, मग पैनगंगेचा पूल येतो. पूल ओलांडला की मराठवाडा संपून विदर्भ सुरू. मग उमरखेड आणि त्यानंतर महागाव. हाच रस्ता पुढे आर्णी, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळ बुटीबोरीला जातो. दुसरं टोक थेट तुळजापूरला. कागदावर त्याचं नाव राष्ट्रीय महामार्ग ३६१. हा नंबर लक्षात ठेवा, गोष्टीत पुन्हा येणार आहे.

टुरिस्ट स्पॉट म्हणाल, तर महागाव अजिबात नाही. इथे किल्ला नाही, बीच नाही, हॉर्नबिल दाखवणारा गाइड नाही. डिसेंबरात दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो, तूर उभी असते. गावात तहसील, पंचायत समिती, पोलीस स्टेशन, शाळा, बँका आणि असंख्य झेरॉक्सची दुकानं. कारभार नगरपंचायतीचा, सतरा प्रभागांचा. बस, एवढंच. लोक इथे कामाला येतात आणि काम झालं की एसटी किंवा काळी-पिवळी पकडून आपापल्या गावी जातात.

मीही लहानपणी इथे येऊन बोअर व्हायचे. या वेळी मात्र मी एक उद्योग केला. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि आत्यासोबत चालत सुटले.

आत्याचं टाइमटेबल

आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. डावा गुडघा कुरकुरतो. तिच्या चालण्याचा वेग म्हणजे आपल्या ऑफिसमधल्या लंच-वॉकच्या निम्मा. तरीही तिच्या कवेलूच्या घराच्या उंबऱ्यापासून मोजलेली ही मिनिटं बघा.

किराणा दोन मिनिटं. भाजी तीन. पिठाची चक्की चार. मारुतीचं देऊळ पाच. नातीची शाळा सहा. डॉक्टर आणि औषधांचं दुकान आठ. एसटी स्टँड दहा. पेन्शनची बँक बारा. तहसील चौदा, पण त्यात मधे दोन ठिकाणी टेकायला थांबलो तो वेळ धरलाय.

या चौदा मिनिटांत तिला किती जणांनी हाक मारली याचाही मी हिशेब ठेवायला लागले होते, अकरावर सोडून दिला. चक्कीवाला तिचा डबा नावानिशी ओळखतो. ती डबा ठेवून देवळात जाते, येताना दळण घेते. औषधवाल्याला तिची बीपीची गोळी तोंडपाठ आहे. एक दिवस ती दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावरचा मुलगा विचारतो, "आजी, काल कुठं होतीस?"

आपल्याकडे याला सिक्युरिटी म्हणतात आणि मेंटेनन्समध्ये त्याचे पैसे भरावे लागतात.

आत्याला मी विचारलं, "रोज एवढं चालतेस, कंटाळा नाही येत?" तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "चालते कुठं? मी तं फक्त जाऊन येतो." चालणं हा तिच्यासाठी एक्सरसाइज नाहीच. त्यासाठी वेगळे शूज नाहीत, वेगळी वेळ नाही. तिचं चालणं दिवसभराच्या कामांमध्ये विरघळलेलं आहे.

आता इथे मी 'गावाकडच्या गोड आठवणी' मोडमध्ये चाललेय असं वाटत असेल तर थांबा. माझ्या चुलत नव्हे, सख्ख्या आतेभावाने मला याच मुद्द्यावर चांगलंच झापलं. त्याच्याकडे येतेच. त्याआधी जरा पॅरिसला जाऊन येऊ.

पॅरिसने नाव दिलं, दादरने आधी करून दाखवलं

रोजच्या गरजा घरापासून पंधरा मिनिटांच्या आत, पायी किंवा सायकलवर. या कल्पनेला '१५ मिनिटांचं शहर' हे नाव दिलं कार्लोस मोरेनो या सोरबॉनच्या प्राध्यापकाने, २०१६ मध्ये. पॅरिसच्या तेव्हाच्या महापौर अ‍ॅन हिदाल्गो यांनी २०२०च्या निवडणुकीत ती उचलली, त्या निवडून आल्या आणि जगभरच्या प्लॅनर मंडळींच्या तोंडी हा शब्द बसला.

कल्पना मात्र जुनी. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी क्लॅरेन्स पेरी या गृहस्थाने 'नेबरहूड युनिट' मांडलं. त्याचा नियम फार साधा होता. वस्तीच्या मध्यावर शाळा, तिथवर चालायचं अंतर साधारण पाव मैल, म्हणजे चारशे मीटर. दुकानं वस्तीच्या कोपऱ्यांवर. आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, मधून नाही. कारण? शाळेत जाणाऱ्या पोराला मोठा रस्ता ओलांडायला लागू नये.

आणि आपल्याकडे? मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. दाट, कोंदट वस्त्यांचा प्रश्न सोडवायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या आखणीतून दादर-माटुंग्याचा भाग उभा राहिला. आजही हिंदू कॉलनीत एक चक्कर मारा. झाडं, दोन-तीन मजली जुन्या इमारती, हाकेच्या अंतरावर राजा शिवाजी विद्यालय, स्टेशन चालत. तिथली आजी आणि महागावची आत्या यांचं टाइमटेबल जवळपास सारखंच निघेल. फरक एवढाच, की महागाव कुणी बसून आखलं नव्हतं. तिथे गाड्याच नव्हत्या, म्हणून सगळं जवळ राहिलं. दादर मात्र कागदावर ठरवून जवळ ठेवलं गेलं.

१९७० मध्ये सिडको आलं आणि नवी मुंबईची आखणी सुरू झाली. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रवीणा मेहता यांनी १९६५ पासून धरलेला आग्रह त्यामागे होता. एकच प्रचंड शहर नको, रेल्वेच्या दोऱ्यात ओवलेली छोटी छोटी उपनगरं हवीत, हा विचार. पुढे बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी सात-सात घरं एकेका छोट्या चौकाभोवती मांडली. दारातून बाहेर पाऊल टाकलं की आधी चौक, मग रस्ता.

पुणेही मागे नाही, निदान कागदावर. २०१६ मध्ये पुण्याने पादचारी धोरण मंजूर केलं. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडचा एक तुकडा दिवसभर गाड्यांसाठी बंद करून पादचारी दिन साजरा झाला. लक्ष्मी रोडच्या मधोमध उभं राहून फोटो काढणाऱ्यांमध्ये मीही होते. संध्याकाळी घरी जाताना माझ्या घराजवळच्या फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर एका टँकरने मला गटाराच्या कडेला ढकललं, ही गोष्ट वेगळी.

"पावसाळ्यात ये, मग सांग"

आता आतेभाऊ. दादा शाळेत मास्तर आहे. माझं स्टॉपवॉच बघून तो आधी हसला आणि मग चिडला.

"तू चार दिवसांसाठी आली म्हणून तुले हे छान वाटते," तो म्हणाला. "पावसाळ्यात ये, मग सांग. या गल्लीत काळा चिखल कसा होते ते पाय. घराची वाटणी झाली, माझ्या वाट्याला दीड खोली आली. गाडी घेतली तं ती दुसऱ्याच्या अंगणात उभी आहे."

आणि मग त्याने ती गोष्ट काढली, जी घरात कुणी काढत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात मामाजींना, म्हणजे आत्याच्या मिस्टरांना, रात्री छातीत दुखायला लागलं. गाडी गल्लीत येईना. चार जणांनी त्यांना बाजेवर घालून चिखलातून रस्त्यापर्यंत नेलं. मामाजी गेले. गाडी दारात आली असती तर वाचले असते का, हे कुणालाच माहीत नाही. पण दादाने त्याच वर्षी ठरवलं, आता घर बांधायचं ते गाडी दारात येईल अशाच जागी.

म्हणून त्याने ले-आऊटमध्ये प्लॉट घेतला. विदर्भात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. शेत एनए होतं, चुन्याच्या रेषा पडतात, प्लॉट पाडले जातात, कमान उभी राहते आणि नावाला 'नगर' लागतं. दादाचं ले-आऊट गावाबाहेर, महामार्गाच्या अंगाला आहे. घर मस्त झालंय. हवेशीर खोल्या, अटॅच्ड बाथरूम, दारात गाडी. आत्याच्या नावाने तळमजल्यावर खोली, कमोडसकट.

मला बोलायला जागाच उरली नाही. फुटपाथ आणि पंधरा मिनिटांच्या गप्पा मारणारी मी, आणि बापाला बाजेवर वाहून नेलेला तो.

फक्त आत्याने नवं घर बघून एकच प्रश्न विचारला होता. "इथून चक्कीवर कशी जाऊ?"

दादा म्हणाला होता, "मी आणून देईन ना दळण. तुले जायचंच कशाले?"

तेव्हा आत्या काही बोलली नाही. मीही तिथे असते तर बोलले नसते, कारण दादाचं उत्तर प्रेमाचंच होतं. पण दळण घरी आलं की चक्कीवाला भेटत नाही, देऊळ राहतं, "काल कुठं होतीस" विचारणारा पानठेला राहतो. अडुसष्टाव्या वर्षी एका बाईचं रोजचं अर्धं गाव कमी होतं. आणि दादाची मुलगी, चौथीतली, जी आज एकटी उड्या मारत शाळेत जाते, तिला नव्या घरातून रोज कुणीतरी गाडीवर सोडावं लागणार. कारण शाळा आणि घर यांच्या मधे आता हायवेचा रस्ता आहे. पेरीसाहेबांनी १९२९ मध्ये नको म्हटलं होतं, नेमकं तेच.

हायवेची भीती काही उगाच नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती.

पांदण

तिसऱ्या दिवशी मी नव्या घरापासून जुन्या गल्लीपर्यंत स्टॉपवॉच लावलं. ले-आऊटच्या कमानीतून बाहेर, हायवेच्या कडेने, मग वळून गावात. माझ्या चालीने पंचवीस मिनिटं. आत्याच्या चालीने चाळीस तरी. बाजूने ट्रक जातात तेव्हा ओढणी अंगाला चिकटून बसते. सावली शून्य. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४३-४४च्या घरात असतो, तेव्हा या रस्त्याने कोण चालणार?

परत येताना दादाच्या मुलीने मला विचारलं, "तू अशी कशाला गेली? पांदणीनं ये ना."

पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची जुनी वाट. ले-आऊटच्या मागच्या बाजूला, जिथे तारेच्या कुंपणात एक माणूस जाईल एवढी फट आहे, तिथून ती सुरू होते. एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला कापूस, मधे तीन मोठे कडुलिंब आणि एक बाभूळ. ती पोर पुढे, मी मागे. पांदण जिथे संपली, तिथून चक्कीचा आवाज ऐकू येत होता.

नऊ मिनिटं.

मी पुन्हा मोजलं. नऊच.

म्हणजे नवं घर लांब नव्हतंच. हायवेने लांब होतं. नकाशावर सरळ रेघ मारली तर गाव तिथेच होतं, हाकेच्या अंतरावर. फक्त ले-आऊटचं तोंड गाडीच्या सोयीने हायवेकडे केलं गेलं होतं आणि गावाकडच्या बाजूला पाठ. माझ्या बाल्कनीतून दिसणारा भाजीवाला आठवला. आमच्या सोसायटीचा आणि दादाच्या ले-आऊटचा प्रॉब्लेम एकच आहे. पायी चालणाऱ्यासाठी मागच्या बाजूला दार ठेवायचं कुणाला सुचलंच नाही.

प्लॅनर लोक दोन अंतरं मोजतात. एक कावळ्याचं, सरळ उडत जाण्याचं. दुसरं माणसाच्या पायाचं, प्रत्यक्ष चालण्याचं. या दोन्हींत जितका फरक जास्त, तितकी वस्ती चालायला वाईट. मधे दुकानं किती, गार्डन किती, हे सगळं नंतर. आधी वाट हवी.

आणि ही वाट कुणाच्या मेहेरबानीवर नसते. गावनकाशात तिची नोंद असते. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, पायवाट एकेरी तुटक रेषेने. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीवाटेची साडेसोळा फुटांपासून पुढे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर शेतकऱ्याला तहसीलदाराकडे दाद मागता येते. त्यासाठीचा मामलेदार न्यायालय कायदा १९०६ सालचा आहे. ले-आऊटलाही नियम आहेत. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली सांगते, की ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेवर ले-आऊट पाडताना दहा टक्के जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडायची.

दादाच्या ले-आऊटमध्ये ती मोकळी जागा आहे. कमानीजवळ, हायवेला लागून. तीच जर मागच्या बाजूला, पांदणीच्या तोंडाशी सोडली असती तर? तिथे एक बाक, दोन झाडं आणि कोपऱ्यावर एखादं किराणा दुकान आलं असतं, तर आत्याचा प्रश्न घर बांधायच्या आधीच सुटला असता. एक रुपयाही जास्त लागला नसता. हा सगळा फरक एका नकाशावर पेन्सिल कुठे फिरली, त्याचा आहे.

चुन्याच्या रेषा

त्या संध्याकाळी मी दादाला पांदणीने घेऊन गेले. खरं तर तो लहानपणी तिथूनच बोरं खायला जायचा. गाडी घेतल्यापासून पाय वळला नव्हता एवढंच. मधल्या शेताशी तो थांबला. तूर काढलेल्या एका तुकड्यात लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या होत्या. चुन्याच्या ताज्या रेषा. त्यातली एक रेष सरळ पांदणीवरून गेलेली.

"हेही विकलं," दादा म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही.

म्हणजे आणखी एक ले-आऊट. आणखी एक कमान, तिचंही तोंड बहुतेक हायवेकडे. आणि चारही बाजूंनी कंपाउंड झालं, की नऊ मिनिटांची वाट कायमची पंचवीस मिनिटांची.

रात्री जेवताना दादाने स्वतःच विषय काढला. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढायची, पांदण त्यात कशी दाखवली आहे ते बघायचं आणि ले-आऊटमधल्या इतर प्लॉटवाल्यांच्या सह्या घेऊन अर्ज द्यायचा. "कार्यालय चौदा मिनिटांवर आहे ना तुझ्या हिशेबानं," तो मला चिडवत म्हणाला. "आईले घेऊनच जातो. तिले तिथं सगळे ओळखतात."

आत्या भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग? मी तं म्हणतच होतो, इथून चक्कीवर कशी जाऊ. कोणं ऐकलंच नाही."

बॅक टू पुणे

फेब्रुवारीत ते नव्या घरात राहायला गेले. मी परवा फोन केला होता. आत्या सकाळी सातला पांदणीने गावात जाते आणि ऊन चढायच्या आत परत येते. नात शाळेत जाताना सोबत असते, म्हणजे दोघींची एकमेकींना सोबत. नकाशाची नक्कल मिळाली आहे, पांदण त्यावर आहे. अर्ज दिलाय, उत्तर अजून आलेलं नाही. खुंट्या तिथेच आहेत. भिंत अजून उभी राहिली नाही.

इकडे मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर केला. मागच्या भिंतीत एक छोटं फाटक करू या, सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं, हवं तर वॉचमन बसवू, शेजारच्या सोसायटीशी बोलू. पहिला प्रश्न आला, "बाहेरचे लोक आत आले तर?" दुसरा प्रश्न, "पार्किंगचा एक स्लॉट जाईल, तो कुणाचा?" विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. पण लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हळूच म्हणाल्या, "फाटक झालं ना, तर मी स्वतः भाजीला जाईन गं. दोन वर्षं झाली, भाजी निवडून आणली नाही."

दोन वर्षं! आणि भाजीवाला त्यांच्याही बाल्कनीतून दिसतो.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पादचाऱ्यांना अडथळे नसलेले फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. म्हणजे महापालिकेकडे मागायला आपल्या हातात भरपूर काही आहे. मागू या, जरूर मागू या. पण आपल्यातले बरेच जण येत्या पाच वर्षांत फ्लॅट बुक करणार आहेत किंवा गावी आईबाबांसाठी प्लॉट घेणार आहेत. तेव्हा सँपल फ्लॅटमधलं फॉल्स सीलिंग बघून झालं, की ब्रोकरला एक प्रश्न विचारा. तोच, आत्याचा. इथून चक्कीवर कशी जाऊ?

चेक करा: तुमचा एरिया 'चालतो' का?

घड्याळ लावा आणि गाडी न काढता जाऊन या. प्रत्येक 'हो'ला एक मार्क.

१. दूध, भाजी आणि औषधं पंधरा मिनिटांत पायी मिळतात?
२. दहा वर्षांचं मूल मोठा रस्ता न ओलांडता एकटं शाळेत किंवा मैदानावर जाऊ शकतं?
३. साठीपुढचं माणूस मधे कुठे सावलीत टेकू शकतं?
४. बाल्कनीतून दिसणाऱ्या दुकानात वळसा न घालता पोचता येतं?
५. एक दिवस दिसला नाहीत, तर कुणी विचारतं का?

चार-पाच मार्क: लकी आहात, घर बदलू नका. दोन-तीन: पुढच्या सोसायटी मीटिंगला हात वर करा. शून्य-एक: माझ्या क्लबमध्ये स्वागत.

जायचं असेल तर: नांदेड हे सोयीचं रेल्वे स्टेशन. तिथून उमरखेडमार्गे यवतमाळ-नागपूरकडे जाणारी एसटी पकडा. नोव्हेंबर ते जानेवारी हवा छान असते, शेतात कापूस आणि तूर दिसते. देवीच्या दर्शनाला माहूरला जाणार असाल तर वाट थोडी वाकडी करून महागावात उतरा. बघायला खास काही नाही. एक चक्कर पायी मारा आणि कुणी सांबार आणायला सांगितलं तर हॉटेल शोधत बसू नका.